विद्युतभारित पॉलिमर आणि परासरण दाब
आजचा दिवस सोडियम पॉलिअॅक्रिलेटच्या (ऋणभारित लांब साखळ्यांच्या, भरपूर पाणी शोषणाऱ्या पॉलिमरच्या), पाण्याने टम्म फुगलेल्या जेलसोबत गेला. त्यावर थोडे मीठ भुरभुरले आणि काही वेळातच जेलभोवती पाणी सुटू लागले. हे वाचून माहीत असणे वेगळे आणि डोळ्यांसमोर घडताना पाहणे वेगळे.

परासरण दाब, म्हणजे विरघळलेल्या कणांमुळे पाणी ओढून घेणारा दाब, कणांच्या संख्येवर ठरत असल्यामुळे पॉलिमरच्या लांबलचक साखळीचा स्वतःचा वाटा नगण्य असतो. मात्र तिच्यावरच्या प्रत्येक ऋणभारामागे एक सोडियम आयन पाण्यात सुटतो, आणि विद्युत उदासीनता (एकूण भार शून्य) टिकवण्यासाठी त्याला साखळीच्या आसपासच राहावे लागत असल्याने बाहेरचे पाणी आत ओढले जाते. मीठ पडले की आतबाहेरच्या आयनांमधला फरक घटतो आणि जेल आकसते. रसायनशास्त्रज्ञ डोनन यांनी १९११ मध्ये मांडलेला समतोल तो हाच.

मला खरे वेड लावले ते पुढच्या भागाने. सगळे आयन मोकळे नसतातच! पाण्यात २५ अंश सेल्सिअसला दोन एकक भारांमधली विद्युत ऊर्जा सुमारे ०.७ नॅनोमीटर अंतरावर औष्णिक ऊर्जेइतकी होते; त्याहून जवळ विद्युत ओढ वरचढ ठरते. पूर्ण भारित साखळीवरचे भार तर जेमतेम ०.२५ नॅनोमीटरवर असतात, त्यामुळे मॅनिंग यांच्या १९६९ च्या सिद्धांतानुसार जवळपास दोन तृतीयांश आयन साखळीलाच धरून राहतात. मोजलेला दाब, सगळे आयन मोकळे धरणाऱ्या साध्या हिशेबापेक्षा इतका कमी का भरतो, ते इथे उलगडते. कॅल्शियम क्लोराइडने हेच जेल मिठापेक्षा कितीतरी जास्त आकसते. त्या द्विभारित कॅल्शियम आयनांचे प्रकरण उद्या हाती घेणार आहे.