रत्नागिरीत सायकल ग्रुपमध्ये शिरताना: माझा अनुभव

सायकल निवडणं, पहाटे उठायची सवय लावणं, घरच्यांना पटवणं, यातलं काहीच जड गेलं नाही. अडलं ते ग्रुपमध्ये शिरताना, आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

रविवारी पहाटे मारुती मंदिरापाशी सायकलवाले जमतात. त्यातल्या एका ग्रुपचा फॉर्म मी भरला. सायकल कोणती, सरासरी वेग किती, आजवरची सर्वांत लांब राईड किती, इथवर ठीक होतं. शेवटचा रकाना होता दोन जुन्या सदस्यांच्या शिफारशीचा. मी कुणालाच ओळखत नव्हते. फोन केला, तर म्हणाले, "मॅडम, तो रकाना रिकामा असेल तर फॉर्म पुढे जात नाही." मग ओळख करून कशी घेऊ? "राईडला आलात की होईलच." राईडला येऊ का? "फॉर्म पास झाला की या."

गणपती झाले, नवरात्र झालं. पाऊस ओसरून रस्ते कोरडे झाले, म्हणजे आमच्याकडे सायकलला सगळ्यात चांगले दिवस. मला दर वेळी एकच उत्तर, "पुढच्या रविवारी सांगतो." शेवटी मी सायकल घेऊन तिथे जाऊन उभीच राहिले. कुणी वाकडं बोललं नाही. "आधी एकट्याने ५० किलोमीटर करून दाखवा, ताशी २२च्या सरासरीने," एवढं सांगून सगळे निघून गेले.

हे मला आजही पटत नाही. किनाऱ्याचा आमचा रस्ता सपाट नाही. खाडीपर्यंत उतार, पूल ओलांडला की चढ, वर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, अंगावर येणारा वारा, की पुन्हा उतार. गिअर चढ लागायच्या आधी, पायात वेग असतानाच हलका करायचा, हे कुणीही सांगेल. पण आधी म्हणजे नेमकं कुठे, हे पुढच्याचे पाय आणि हात बघूनच कळतं. नवा माणूस नक्कल करून शिकतो. त्याला मागे येऊच दिलं नाही तर तो बघणार कुणाकडे? आणि वेगाची अट कशासाठी? जगभर चालणाऱ्या बीआरएममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पुरा करायच्या राईडमध्ये, २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे चहापाण्याचे थांबे धरून ताशी १५लाही थोडं कमी. तिथे नंबर काढत नाहीत, वेळेत पोचलेला प्रत्येक जण सारखाच.

मग भाट्याच्या पुलापाशी एक ताई भेटल्या. पांढरे केस, साधी सायकल. "एकटीच गं? चल माझ्या मागून. मी करते तसं कर." झाला माझा प्रवेश!

पावसच्या रस्त्याला चढ सुरू व्हायच्या आतच त्यांचा अंगठा गिअरवर गेला, माझाही गेला. त्या चढावर उभ्या राहिल्या नाहीत, मीही बसूनच चढले. उतारावर वळणाआधी त्यांनी वेग कमी केला, वळणात ब्रेकला हात लावला नाही. खड्डा आला की हात खाली करून त्याच्याकडे बोट दाखवायच्या. मला कळायच्या आधी माझा हात तसा करायला लागला होता. माझ्यामागे तेव्हा कुणी नव्हतं, तरी.

नक्कल कशाची करू नये तेही त्यांनीच सांगितलं. सीटची उंची दुसऱ्याची घेऊ नका. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवा, गुडघा सरळ झाला पाहिजे. भारी सायकल बघून लगेच तशी घेऊ नका. पुढच्याच्या आडोशाने वारा कमी लागतो हे खरं, पण नव्याने चाकाला चाक चिकटवू नये, एका सायकलची जागा सोडावी. गणपतीपुळ्याकडे जाताना आरे-वारेच्या किनाऱ्यालगत समुद्राकडून, म्हणजे डावीकडून वारा येतो, तेव्हा आडोशासाठी उजवीकडे सरकायचा मोह होतो. सरकू नका, मागून एसटी येते.

लवकर निघा हे आधीच सांगायला हवं होतं. पहाटे जमिनीवरून येणारा मतलई वारा सौम्य असतो, दुपारी खारा वारा दम काढतो.

आता आमची लहानशी मंडळी आहे. नवा कुणी आला की त्याच्यापुढे एक जुना, आणि सगळ्यांच्या मागे दुसरा जुना. बरेचदा मागची मीच असते, आणि ते काम मला मनापासून आवडतं. चढावर नवा थांबला तर मागचा थांबतो आणि पुढचे वर वाट बघतात. परवा कॉलेजातली एक मुलगी भावाची बिनगिअरची सायकल घेऊन आली. तिने मला विचारलं, फॉर्म कुठे भरायचा? म्हटलं, हेल्मेट आहे ना, मग चल.

आणि हो, घरी गेल्यावर चेन पुसून तेल घाला. खाऱ्या हवेत ती लवकर गंजते.