‘कोलॅप्स्ड लंग’ एवढंच लिहिलेला चार्ट

मेडिकल कोडिंगच्या, म्हणजे निदान आणि उपचारांना ठरावीक कोड लावण्याच्या कामाच्या, ऑडिटला आलेला चार्ट (पेशंटची फाइल) अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलचा होता. सिझेरियनने जन्मलेलं बाळ, ३४ आठवडे पूर्ण, वजन २,११० ग्रॅम. डिस्चार्ज समरीत फुप्फुसाबद्दल एकच ओळ: ‘राइट कोलॅप्स्ड लंग, ट्रीटेड’. कोडरने कोडच्या पुस्तकाच्या इंडेक्समध्ये ‘कोलॅप्स, लंग’ बघितलं, समोर जे९८.१९ दिसला, तो टाकला आणि चार्ट पुढे सरकवला.

त्याच ओळीत ‘ॲटेलेक्टेसिसही पाहा’ असं सांगितलेलं आहे, आणि तिथे नवजात बाळासाठी वेगळी ओळ आहे. तेवढं एक पान उलटायचं राहिलं. सॉफ्टवेअरही मदतीला येत नाही. पी-कोड (नवजाताच्या आजारांचा) मोठ्या माणसाला लावला तर ते अडवतं, जे-कोड (श्वसनाच्या आजारांचा) नवजाताला लावला तर बिनबोभाट जाऊ देतं. ही उणीव फार महागात पडते, कारण जन्मापासून २८ दिवसांत उद्भवलेल्या आजाराला आधी पी प्रकरणातच जागा शोधायची असते.

पण खरी अडचण त्याच्याही आधीची. ‘कोलॅप्स्ड लंग’ म्हणजे दोन उलट गोष्टी असू शकतात. हवा फुप्फुसाबाहेर, त्याच्या आवरणांमधल्या प्लुरल पोकळीत साठून फुप्फुस दाबलं गेलं तर तो न्यूमोथोरॅक्स, पी२५.१. फुप्फुसातल्याच पिशव्या हवेअभावी मिटल्या तर ते ॲटेलेक्टेसिस: प्राथमिक असेल तर पी२८.०, प्रकार कळत नसेल तर पी२८.१०. एकात हवा बाहेर काढायची, दुसऱ्यात आत पोचवायची. दोन्हींना एकच नाव देऊन भागत नाही.

म्हणून नोट्स उघडल्या. पहाटेच्या प्रोसीजर नोटमध्ये सगळं होतं: उजवीकडे दुसऱ्या बरगड्यांच्या फटीत २३ गेजची बटरफ्लाय सुई, थ्री-वे स्टॉपकॉक, सिरिंजने ४० मिलि हवा काढली. सहा तासांनी पुन्हा हवा साठली, मग १० फ्रेंच मापाची चेस्ट ट्यूब (छातीत घालायची नळी). यांचे प्रोसीजर कोड: सुईने काढलेली हवा ०डब्ल्यू९९३झेडझेड, ट्यूब ०डब्ल्यू९९३०झेड. दोन वेगळ्या वेळा, म्हणून दोन्ही कोड. ट्यूबच्या कोडमध्ये सहावं अक्षर ० म्हणजे नळी आत ठेवली, झेड म्हणजे ठेवली नाही. चौथं अक्षर ९ म्हणजे उजवी बाजू, बी म्हणजे डावी. पहिल्या कोडिंगमध्ये तिथे बी होता. एका अक्षराने बाळाची बाजू बदलली होती.

एक्स-रे रिपोर्टही न्यूमोथोरॅक्सच म्हणत होता. तरी पी२५.१ लावता येत नाही. रेडिओलॉजिस्टच्या रिपोर्टवरून ॲडमिट पेशंटचं निदान ठरवायचं नसतं; उपचार करणाऱ्या डॉक्टरने लिहायला हवं. नियम बरोबर आहे. पण ट्यूब घालणाऱ्याच डॉक्टरने निदानाच्या जागी ‘कोलॅप्स्ड लंग’ लिहून मोकळं व्हावं, याचा राग येतोच.

क्वेरीचा, म्हणजे डॉक्टरला विचारायच्या लेखी प्रश्नाचा, पहिला मसुदा मी परत पाठवला. ‘न्यूमोथोरॅक्स होता, कृपया नोंद करावी’ हे उत्तर पढवणं झालं. नव्या क्वेरीत फक्त नोंदी ठेवल्या: एक्स-रे, सुई, ट्यूब. पर्याय दिले: न्यूमोथोरॅक्स, ॲटेलेक्टेसिस, दोन्ही, इतर, सांगता येत नाही.

उत्तर आलं: उजवा न्यूमोथोरॅक्स, सोबत आरडीएस (फुप्फुसं पुरती तयार नसल्याने नवजाताला होणारा श्वासाचा आजार). त्याच हॉस्पिटलात जन्म, म्हणून झेड३८.०१ (सिझेरियनने जन्म) पहिला; मग पी२२.० (आरडीएस), पी२५.१, पी०७.१८, पी०७.३७. यातले शेवटचे दोन वजन आणि आठवड्यांचे. वजनाचा नेहमी आधी. एक्स-रेत उजव्या वरच्या लोबचं ॲटेलेक्टेसिसही होतं, पण डॉक्टरने ते लिहिलं नाही, म्हणून पी२८ वगळला.

चार्ट बंद झाला, पण एक नोंद राहून राहून आठवते. नर्सच्या फ्लोशीटवर (वेळेनुसार नोंदींच्या तक्त्यावर) १:४० ला व्हेंटिलेटरचं प्रेशर वाढवलेलं, २:१५ ला ऑक्सिजन घसरलेला. व्हेंटिलेटरमुळे न्यूमोथोरॅक्स झाला, असं डॉक्टरने कुठेही म्हटलेलं नाही. तसं लिहिल्याशिवाय कॉम्प्लिकेशनचा (उपचारामुळे झालेल्या गुंतागुंतीचा) कोड लावता येत नाही, आणि उपचार चालू असताना घडलेली प्रत्येक गोष्ट कॉम्प्लिकेशन नसते. आरडीएस असलेल्या फुप्फुसात आपोआपही गळती होते. दुसरी क्वेरी मी लिहून ठेवली होती, पाठवली नाही. त्या दोन वेळा मात्र पहिल्याच क्वेरीतल्या नोंदींमध्ये मांडता आल्या असत्या.