पत्र्यामागची ओल

दसऱ्याचा दुसरा दिवस

काल पूजेसाठी कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं आमचं चाकांवरचं घर, धुतली आणि आतून पुसायला घेतली, तेव्हा मागच्या बाकाखालच्या कप्प्यातून कोंदट वास आला. भिंतीच्या प्लायवर अंगठा टेकवला तर तो आत गेला. झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, आपट्याची पानं वाटली. पण दिवसभर माझं लक्ष त्या कोपऱ्याकडे होतं.

आज सकाळीच दाभण घेऊन आत बसले. चांगल्या लाकडात दाभणाचं टोक जेमतेम रुततं आणि हाताला तसं कळतं. खिडकीच्या बाजूची उभी रीप ठणठणीत निघाली. खाली यायला लागले तसतसं टोक सहज आत शिरायला लागलं, आणि जमिनीलगतच्या आडव्या रिपेत तर मुठीपर्यंत गेलं. बाहेर काढलं तेव्हा टोकाला तपकिरी ओला भुसा चिकटलेला.

शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "अगं, सोलापुरात ओल कुठली? इथं प्यायच्या पाण्याची वाट बघावी लागते!" त्यांचं बोलणं गैर नाही. आपल्याकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला जोराचा बराचसा सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर. बाकीचं वर्षभर ऊन. पण आत शिरलेलं पाणी बाहेर कुठून जाणार? आमची कॅरव्हॅन जुन्या पद्धतीची आहे: लाकडी रिपांचा सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून तीन मिलिमीटरचा प्लाय आणि मधल्या पोकळीत थर्मोकोल. इंग्लंडातल्या जुन्या टूरिंग कॅरव्हॅन अशाच बांधलेल्या असत. पत्र्यातून वाफ जात नाही, थर्मोकोलमधून फारशी जात नाही. बाहेर जमिनीला भेगा पडल्या तरी त्या पोकळीत सप्टेंबरचं पाणी जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत राहू शकतं.

दुपारी मिस्त्री आले. बघितल्याबरोबर म्हणाले, "ताई, वाळवी हाय ही. औषध मारू." मी त्यांना कुजका तुकडा हातात दिला. वाळवी असती तर मातीची नळी दिसली असती, लाकडाच्या आत माती भरलेली असती. इथं लाकडाला आडव्या-उभ्या चिरा पडून बारीक बारीक चौकोन झालेले, आणि एक चौकोन चिमटीत चोळला की त्याची तपकिरी पूड होते. हे बुरशीचं काम. ही बुरशी लाकडातलं सेल्युलोज खाते आणि तपकिरी लिग्निन मागे ठेवते, म्हणून आकार लाकडाचा राहतो पण जोर काहीच उरत नाही. मिस्त्रींनी तुकडा उन्हात धरून बराच वेळ निरखला. मग म्हणाले, "मग औषधानं काय होणार? पाणी कुठनं येतंय ते बघा आधी."

असा माणूस कामाला मिळाला याचं मला फार बरं वाटलं.

शनिवार

ओल मोजायचं मीटर भावाकडून आणलं. दोन सुया लाकडात टोचायच्या, आकडा येतो. समोरची भिंत दहा-अकरा टक्के दाखवते. या हवेत कोरड्या लाकडाचा आकडा तेवढाच असायला हवा. वीसच्या खाली असेल तर बुरशी वाढत नाही. वीसच्या वर गेलं की काळजी, आणि अठ्ठावीस-तीसच्या पुढे लाकूड तिच्यासाठी पंगतच. आमच्या कोपऱ्यात आकडा तीसच्या पुढे गेला. त्यापुढचा नेमका आकडा धरायचा नसतो, मीटर तिथं भरवशाचं राहत नाही.

पेन्सिलीनं भिंतीवरच आकडे लिहीत गेले आणि सारख्या आकड्यांना रेघेनं जोडलं. ओलीचा नकाशाच तयार झाला. सगळ्यात ओला भाग खाली कोपऱ्यात, पण तिथून एक बारीक पट्टा मागच्या भिंतीवरून तिरका वर, छतापर्यंत गेलेला. डाग जिथं दिसतो तिथूनच पाणी आलं असं धरून माणसं खालचा सांधा बुजवतात आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच होतं. पाणी छताशी शिरतं, रीप धरून सरकतं, जिथं अडेल तिथं थांबतं. डाग पडतो तो थांबल्याच्या जागी.

आतला प्लाय उतरवला. थर्मोकोल काढला तर त्याच्या मागच्या बाजूला पाण्याचे थेंब, ऑक्टोबरच्या या उन्हात! मग भाचा बाहेर नळी घेऊन उभा राहिला आणि मी आत टॉर्च घेऊन. नळी मारायची तीसुद्धा खालून वर. आधी वर मारली तर पाणी सगळ्या सांध्यांवरून ओघळतं आणि आत कुठून आलं ते कळत नाही. खालचा सांधा: कोरडा. खिडकीचं रबर: कोरडं. मागच्या दिव्याची चौकट: कोरडी. भाचा कंटाळून म्हणाला, "मावशी, बास की आता." छताच्या कडेला तंबू अडकवायची पट्टी आहे, तिथं पाणी पोचलं आणि थोड्या वेळानं एका स्क्रूच्या टोकाशी थेंब जमला, फुगला, सुटला. त्याच्या मागोमाग दुसरा. मी ओरडलेच. पट्टीचा एक स्क्रू गंजून बारीक झाला होता आणि त्याच्या भोवतालचं भोक उघडं पडलं होतं.

आईला वाटलं विजेचा धक्काच बसला मला.

सोमवार

पट्टी उतरवली. पट्टीखालची फट बुजवणारा मूळ लेप उन्हानं वाळून खडूसारखा झालेला, नखानं निघत होता. त्याच्यावर कुणीतरी आधीच्या दुरुस्तीत सिलिकॉन भरलेलं. कॅरव्हॅन आमच्याकडे येण्याआधीचं काम ते. कुणी केलं माहीत नाही, पण राग आला. आंबूस वासाचं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक आम्ल सोडतं, ते ॲल्युमिनियमला चांगलं नाही. आणि सिलिकॉनचा अंश जरी मागे राहिला तरी त्यावर दुसरं काही धड चिकटत नाही, रंगसुद्धा. स्क्रूही साधे लोखंडी. लोखंड, ॲल्युमिनियम आणि पाणी एकत्र आलं की दोन धातूंच्या सांध्यात गंज धरतोच. पत्र्यावर पांढरी पूड आणि सुईच्या टोकाएवढी भोकं दिसायला लागली होती. दिवसभर प्लास्टिकच्या पातीनं सिलिकॉन खरवडत बसले. लोखंडी पाती वापरली तर पत्र्यावर ओरखडे उठतात.

अण्णा खुर्ची टाकून बाजूला बसले होते. त्यांनी सगळा जन्म मागांवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारा, म्हणून काढला. ते म्हणाले, "अगं, आम्ही शेडमध्ये फरशीवर पाणी मारायचो. हवा कोरडी पडली की सूत तुटतं. उन्हाळ्यात तर दर थोड्या वेळानं तुटायचं." खरंच आहे. कापसाच्या सुतात आठ-साडेआठ टक्के ओल असली तर त्याला बळ येतं, म्हणून विणकामाच्या शेडमध्ये हवा मुद्दाम दमट ठेवतात. ज्या गावात ओल विकत आणल्यासारखी राखली, त्याच गावात मी ती हुसकवायला बसलेय. अण्णांना मीटर दाखवलं तर ते त्यांनी हातातून सोडलंच नाही. घराच्या दाराची चौकट, देवघर, पाट, सगळीकडे टोचून आले.

मग मी त्यांना हिशेब करून दाखवला, कारण मला स्वतःलाच तो कागदावर बघायचा होता. उन्हाळ्यात छताचा पत्रा दुपारी साठ अंशांच्या पुढे जातो, पहाटे पंचवीसच्या आसपास येतो. चाळीस अंशांचा फरक धरला तर चार मीटर लांबीचं ॲल्युमिनियम साडेतीन मिलिमीटरहून जास्त वाढतं. त्याच्या खालची लाकडी रीप लांबीत एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. रोज दोघांमध्ये ओढाताण, आणि मध्ये सापडतो तो लेप. पहिली काही वर्षं तो ताणला जातो, मग उन्हानं कडक होतो, मग फाटतो. तो इतका बारीक फाटतो की शिडीवर चढूनही दिसत नाही. म्हणून मला वाटतं, आमच्याकडे कॅरव्हॅन कुजवणारं खरं ऊन आहे. पाऊस फक्त उघड्या दारातून आत येतो.

अण्णा म्हणाले, "मग दर वर्षी चैत्रात छतावर चढून बघायचं." तेच करायचं.

कोजागिरी

वाळवणं चालू आहे. या कामात हातांना काही करायला नसतं, म्हणून माणसं इथंच घाई करतात. मिस्त्रींना दिवाळीची कामं आहेत, ते म्हणत होते, "वरनं कोरडं दिसतंय की ताई, बंद करू." मी नाही म्हटलं. मीटर उभ्या रिपेत अजून चोवीस दाखवतंय. आत ओल ठेवून वर नवा प्लाय ठोकला तर आपण बुरशीला नवं घर बांधून दिल्यासारखं होईल. कुजक्या भिंतीवर गुळगुळीत नवा प्लाय किंवा छापील कागद लावून गाड्या विकतात, त्या घेणाऱ्या माणसाचं मला फार वाईट वाटतं. कुणी जुनी कॅरव्हॅन घेणार असेल तर त्यानं कप्पे उघडून वास घ्यावा, कोपऱ्या-कोपऱ्यांत अंगठा दाबून बघावा, एकच भिंत नवीकोरी दिसली तर कारण विचारावं.

दिवसा दारं-खिडक्या उघड्या, आत पंखा. संध्याकाळी सगळं बंद करून वर ताडपत्री, म्हणजे पहाटेचं दव आत यायला नको. जमिनीलगतच्या जाळ्या मात्र कधीच बुजवायच्या नाहीत. धूळ येते म्हणून लोक त्यांत चिंध्या कोंबतात. पण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साठतो, आणि बाहेर पडायला त्याला तेवढीच वाट असते.

रात्री दूध आटवून झाल्यावर आम्ही रस्त्याकडेला जाऊन उभे राहिलो. तुळजापूरला चालत निघालेली माणसं जात होती, पायाला फडकी बांधलेली, "आई राजा उदो उदो" म्हणत. पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपासची वाट. आईनं दुधाचं पातेलं तिथंच नेलं आणि वाटून आली.

दिवाळी तोंडावर

उभी रीप चौदावर आली. काल मिस्त्रींना निरोप पाठवला आणि आज लाकूडकाम झालं.

कुजलेला भाग कापताना मिस्त्रींचा हात आखडत होता. कमीत कमी कापावं अशी सवय. पण बुरशीचे धागे दिसतात त्याच्या पुढे गेलेले असतात, म्हणून चांगल्या लाकडात वीतभर आत जाऊन कापायला लावलं. सांधा काटकोनात नको, तिरपा हवा: रिपेच्या जाडीच्या आठपट लांब उतार. आता ते काम मात्र त्यांनी असं केलं की मी बघत राहिले. करवतीनं जाड उतार काढला, मग खंडेनवमीला पुजलेल्या पटाशीनं आणि रंध्यानं दोन्ही तोंडं घासत आणली. दर वेळी एकमेकांवर ठेवायची, उजेडासमोर धरायची, फट दिसली की परत एक हात. शेवटी दोन तुकडे टेकवले आणि मध्ये उजेड दिसेना. तेव्हा कुठं गोंद लावला, पाण्यात न सुटणारा, आणि शिकंजे आवळले.

त्याआधी जुन्या-नव्या दोन्ही लाकडांना टाकणखार आणि बोरिक पावडरचं गरम पाण्यातलं मिश्रण ब्रशनं पाजून पुन्हा वाळवून घेतलं होतं. बुरशी आणि कीड दोन्हीला ते चालतं. पावसात मात्र धुऊन जातं, म्हणून पत्र्याच्या आतल्या लाकडालाच उपयोगी. टाकणखार मागितला तेव्हा दुकानदारानं विचारलं, "लहान बाळ आहे का घरात?"

नवा प्लाय पाण्याला टिकणारा, आयएस ७१० शिक्क्याचा घेतला. महाग पडला. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त शिक्का वाचून मान हलवली.

छताच्या पट्टीखाली या वेळी ब्यूटाइलची, म्हणजे मऊ चिकट रबराची, टेप. ती कधी पूर्ण कडक होत नाही, पत्र्याबरोबर ताणली जाते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. स्क्रू एकदम आवळायचे नाहीत. थोडे आवळून ठेवले, दुपारच्या उन्हात टेप मऊ पडून कडेनं बाहेर आली, मग पुन्हा आवळले. बाहेर आलेला भाग उद्या कापायचा. भाच्यानं पुन्हा नळी मारली, खालून वर. मी आत बराच वेळ टॉर्च धरून बसले. सगळ्या स्क्रूंची टोकं कोरडी.

त्या कोपऱ्यातला प्लाय चिकटवला नाही. चार स्क्रूंवर धरलाय. दर वर्षी चैत्रात छत बघून झालं की तोही उघडायचा आणि आकडा आतल्या रिपेवरच लिहायचा, तारखेसह. आजचा आकडा अण्णांनी स्वतः टोचून लिहिला: बारा.

आता दाराजवळची जमीन राहिली. तिथं पाय ठेवला की दबते आणि चर्र वाजते. दाभण मारून बघितलं, लाकूड कुजलेलं नाही. वरचा प्लाय आतल्या फोमपासून सुटलाय. त्याला बारीक भोकं पाडून आत इपॉक्सी, म्हणजे घट्ट धरणारा पातळ गोंद, भरायची आणि वर वजन ठेवून बसवायचं. मिस्त्री भाऊबीज झाली की येतो म्हणालेत, तोवर इपॉक्सी आणून ठेवायची.