सात भोकांचं कातडं

जन्मभर पायात कोल्हापुरी घातली, पण कच्चं कातडं पहिल्यांदा हाताला लागलं ते कॅनडात, विनिपेगला, वयाच्या 43 व्या वर्षी. तेही बीव्हरचं, म्हणजे ओढ्यांवर बांध घालणाऱ्या त्या केसाळ जलचराचं.

मला फरच्या व्यापाराच्या इतिहासाचं वेड आहे. लंडनहून सनद घेऊन 1670 साली निघालेली हडसन्स बे कंपनी, बर्चच्या सालीच्या होड्या, 90 पौंडांची गाठोडी एकावर एक दोन पाठीवर घेऊन धावणारे नावाडी, हे सगळं मी वर्षानुवर्षं वाचत होतो. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यातला कोटही त्याच कंपनीच्या दुकानातून घेतला होता. 2025 मध्ये ती दुकानं बंद झाली तेव्हा उगाच हळहळलो. तर ऑफिसातल्या एका मित्राच्या सासऱ्यांच्या शेतात बीव्हरांनी रस्त्याखालच्या मोरीपुढे बांध घातला आणि गव्हात तळं साचलं. दरवर्षी तिथे सापळे लावायला एक मेटी (आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या समाजातल्या) बाई येतात, वय सत्तरीच्या पुढे. मित्र म्हणाला, "पुस्तकं पुरे झाली, त्यांच्याबरोबर जा."

पण नुसतं जाता येत नाही. मॅनिटोबात, म्हणजे विनिपेगच्या प्रांतात, पहिल्यांदा सापळा लावणाऱ्याला आधी कोर्स करावा लागतो, मग परवाना. वर्गात सगळी शेतकऱ्यांची पोरं, आणि मागच्या बाकावर मी. बीव्हरचा सापळा '330' नावाचा, दहा इंची चौकट. त्याचं मूळ उत्तरेतल्या फ्रँक कॉनिबेअर नावाच्या सापळेवाल्याच्या डोक्यातलं. पाय धरून जनावर तासन्‌तास तडफडत ठेवणाऱ्या जुन्या सापळ्याचा त्याला वीट आला होता. नव्या सापळ्याने झटक्यात मारावं ही कल्पना. माणसाचा हात मात्र तो ओळखत नाही. त्यामुळे एक हात अडकला तर दुसऱ्या हाताने दोरी स्प्रिंगांच्या कड्यांतून ओवायची, टोकाच्या फासात पाय घालून ताणायची आणि सुटायचं, हे करवून घेतलं. लेखी परीक्षेपेक्षा मला घाम फुटला तो तिथे.

जानेवारीत, उणे 26 मध्ये, तळ्यावर गेलो. आजींनी (मनातल्या मनात मी त्यांना आजीच म्हणायचो) पायाने बर्फावरचा भुसभुशीत थर बाजूला केला आणि खाली गोठलेल्या बुडबुड्यांची रांग दाखवली. बीव्हर घरातून पोहत कुठून जातो ते त्यावरून कळतं. तिथे भोक पाडून सापळा खांबाला बांधून सोडला. दुसऱ्या दिवशी ओढून काढला तर 20-22 किलोचं धूड. खोटं सांगत नाही, मला वाईट वाटलं. त्याचे पुढचे पंजे लहान मुलाच्या हातासारखे दिसतात. आजींनी त्यावर हात ठेवला, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटल्या आणि मला सुरी दिली.

आईला फोनवर सांगितलं, तर ती क्षणभर गप्प. मग, "घरात आणू नकोस म्हणजे झालं."

सोलणं जमलं. हनुवटीपासून शेपटीपर्यंत एकच सरळ चीर, बाकी धीराचं काम. खरी परीक्षा पुढे, चरबी खरवडण्याची. उतरत्या गुळगुळीत ओंडक्यावर कातडं पसरायचं, पोटाने दाबून धरायचं आणि दोन मुठींच्या सुरीने खाली लोटत न्यायचं. जोर कमी पडला तर चरबी राहते आणि कातडं कुजतं. जास्त झाला की भोक. आजी वीस मिनिटांत उरकतात. मला चार तास लागले आणि भोकं पडली सात. हाताला वास आठवडाभर होता, लिंबू, बेसन, कशालाही दाद दिली नाही.

त्या चार तासांत एक शब्द नव्याने कळला. कंपनीच्या जमाखर्चाचं चलन होतं 'मेड बीव्हर': एका चांगल्या, मोठ्या बीव्हरचं तयार कातडं. त्यावर किटली, दारू, बंदूक, सगळ्याचे भाव. 18 व्या शतकात एका बंदुकीला साधारण 10-12 पडायची. मी आजवर 'बीव्हर' वाचत आलो होतो, 'मेड'वरून नजर घसरायची. ते 'करायचं' कोण? बायका. खरवडणं, वाळवणं, बर्फात चालायची जाळीदार पादत्राणं विणणं, मोकासिन (मऊ कातड्याचे जोडे) शिवणं. वहीत खातं मात्र नवऱ्याचं. कंपनीचा शोधप्रवासी सॅम्युअल हर्न, त्याच्या उत्तरेकडच्या पहिल्या दोन मोहिमा फसल्या, तेव्हा मातोनाबी या देने (उत्तरेतली एक आदिवासी जमात) पुढाऱ्याने त्याला कारण सांगितलं: बरोबर बायका नव्हत्या. तिसऱ्या वेळी त्या होत्या, आणि 1771 मध्ये हर्न कॉपरमाइन नदीच्या मुखाशी पोचला. (मोहिमेला नाव हर्नचं, हे सांगायला नको.)

आणखी एक गंमत. सुरुवातीच्या काळात कोऱ्या कातड्यापेक्षा अंगावर पांघरून मळलेल्याला भाव जास्त. वापरून वरचे राठ केस झडत आणि टोप्या बनवणाऱ्यांना हवी ती आतली मऊ लव मोकळी होई. म्हणजे जुने कपडे घ्यायचे आणि भांडी द्यायची. लंडनची ही बडी कंपनी आमच्या गल्लीतली बोहारीणच की! 19 व्या शतकात रेशमी टोप्या आल्या आणि धंद्याचा कणा मोडला.

असो. भोकं आतल्या बाजूने शिवायची असतात, फळीवर ताणण्याआधी. पाच आजींनी शिवली, दोन मी. मग प्लायवूडवर आखलेल्या लंबगोलावर आधी चार दिशांना चार खिळे, मग इंचाइंचावर एकेक. पाच दिवसांनी कातडं पापडासारखं खडखडीत झालं.

खरेदीदाराने लांबी आणि रुंदी मोजून बेरीज केली, केसांवर फुंकर मारली, मग उलटं करून शिवण पाहिली. दोन टाक्यांवर त्याचं बोट थांबलं. "हे कोणाचे?" मी हात वर केला. जे पैसे मिळाले त्यात त्या दिवशीचं पेट्रोलही निघालं नाही. परतताना आजी गाडीत म्हणाल्या, पुढच्या खेपेला त्या सुई हातात घेणार नाहीत.