तीन लाख साठ हजार टँकर

मी भूजलावर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत आहे, कामाचं नाव 'पाण्याचा ताळेबंद'. म्हणजे पावसाळा संपला की गावात जायचं, शिवारात पाणी किती पडलं, किती मुरलं आणि रब्बीला काय पेरलं तर उन्हाळ्यापर्यंत पुरेल याचा हिशोब लोकांसमोर मांडायचा. आमच्या फॉर्ममध्ये हा हिशोब सहस्र घनमीटरमध्ये असतो. सहस्र घनमीटर म्हटलं की लोक आदराने मान हलवतात आणि चहा कुठवर आलाय ते बघतात.

तर २०२३ चा ऑक्टोबर. त्या वर्षीचा ऑगस्ट म्हणजे १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. गाव नगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडचं, कॅनॉल नाही, सगळी भिस्त विहिरी आणि बोअरवर, शिवार धरा ९०० हेक्टर (आकडे राउंड करून सांगतेय). झेडपी शाळेच्या व्हरांड्यात मीटिंग होती, पुरुष वर, बायका पायऱ्यांवर, आणि मागे भिंतीला टेकून एक टँकरवाला पोरगा मोबाईल बघत बसलेला. त्याला विचारलं, गाडी किती लिटरची रे? म्हणाला दहा हजार.

मग मी घनमीटर बाजूलाच ठेवले. एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी बरोब्बर दहा हजार लिटर होतं. म्हणजे ह्याचा एक टँकर. शाळेच्या आवारातल्या पर्जन्यमापकाने त्या साली ४०० मिलिमीटर दाखवलेला, त्याची वही मास्तर ठेवतात. फळ्यावर गुणाकार सातवीतल्या एका पोरीने केला: ९०० गुणिले ४००. तीन लाख साठ हजार टँकर.

एकदम शांतता. मग एक आजी पायरीवरून म्हणाल्या, "आन् मंग उन्हाळ्यात आमी हंडा घिऊन याच्या एका टँकरमागं का पळतो?"

ह्या प्रश्नासाठी मी अख्खी मीटिंग द्यायला तयार असते. बरंचसं पाणी उन्हाने उडतं, माती आणि पिकं पितात, काही ओढ्याने निघून जातं, आणि आपल्या ह्या काळ्या दगडात खाली मुरतं ते शंभरातलं दहाच्या आसपास. विहिरीत, बोअरमध्ये येतं ते हेच. म्हणजे साधारण छत्तीस हजार टँकर. इथे एकजण म्हणाला की बोअर अजून खाली न्यायचा, तर शेजारच्यानेच त्याला गप्प केलं, "मी सातशे फूट नेला, नुसता फुफाटा निघाला." मला बोलावंच लागलं नाही. (२००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरच्या खाली जायलाच मनाई आहे, म्हणजे दोनशे फूट. हे मी सांगितलं तेव्हा लोक मनापासून हसले.)

आता खर्चाची बाजू. अठराशे माणसं, माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे रोजचे दहा टँकर, वर्षाचे साडेतीन-पावणेचार हजार. गाई-म्हशींचे हजार-अकराशे. उरले एकतीस हजार, ते शेतीला. इथवर सगळे खूश, कारण आकडा मोठा वाटतो. मग पिकं काढली. एकरभर हरभऱ्याला ऐंशी ते शंभर टँकर. कांद्याला अडीचशेच्या घरात. आणि उसाला वर्षाचे आठशे, त्यातून पावसाचे दीडेकशे वजा केले तरी जमिनीतून साडेसहाशे उपसायचेच.

गावात ऊस चाळीस एकर. ऊसवाली घरं दहा-बारा.

गुणाकार मी केलाच नाही, सरपंचबाईंनी मोबाईलवर केला आणि मोठ्याने वाचला, सव्वीस हजार. बचत गटाच्या एक ताई उठल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे ह्यांचा एक एकर ऊस म्हंजी सगळ्या गावाचं दोन महिन्याचं प्यायाचं पानी." आणि मग जो काही गोंधळ सुरू झाला तो सांगायची सोय नाही.

लोकांना पर्यावरण समजत नाही, सोप्या भाषेत सांगायला हवं, जनजागृती हवी, हे मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये ऐकते. अहो त्या व्हरांड्यात अर्ध्या तासात सगळ्यांना सगळं समजलेलं होतं! भांडण लागलं ते समजलं म्हणून. आणि ज्यांच्यावर सगळे तुटून पडले ते ऊसवाले तात्या काही व्हिलन नव्हते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो आमच्या इंजिनिअरने विचारावा असा, "आमी दिलेलं पानी परत खालीच मुरतं का न्हाई? ते धरलं का?" मी म्हटलं थोडं मुरतं, पाटाने दिलं तर जास्त, पण बहुतेक पानांतून हवेत जातं. "बरं. मंग कांदा लावू? ऑगस्टात सरकारनं चाळीस टक्के ड्युटी लावली निर्यातीवर, माहितीय ना? हरभऱ्याचा हमीभाव कागदावर. ऊस कारखाना रानातून तोडून नेतो म्याडम, पैशे उशिरा का हुईना खात्यावर येत्यात." यावर माझ्याकडे टँकरमधलं उत्तर नव्हतं. कुणीतरी हिवरे बाजारचं, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या पाण्याच्या कामासाठी गाजलेल्या गावाचं, नाव काढलं, तिथे शेतीला बोअर बंद, ऊस बंद, तर दोन-तीनजण एका सुरात, ते नका सांगू, ते ऐकून ऐकून कान किटले. खरंय, त्या गावाचं काम कितीही मोठं असलं तरी दर मीटिंगला ते समोर धरलं की लोकांना शेजारच्या हुशार पोराचे मार्क ऐकवल्यासारखं होतं.

ठराव वगैरे काही झाला नाही. उसाची नवी लागण करायची नाही, आहे तो खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेला ऊस) ठेवायचा पण ठिबकवर, एवढ्यावर येत होतं, तेवढ्यात दोन घरं उठून गेली आणि बाकीचं भांडण मारुतीच्या पारावर शिफ्ट झालं. मी गाडीत बसत होते तर तात्या आले, "माझ्या चार एकराचं काढून द्या कागदावर. ठिबकनं किती वाचतं तेबी लिवा." लिहून दिलं, चाळीस टक्क्यांपर्यंत वाचू शकतं, नीट चालवलं तर. घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, ऊस मोडनार न्हाई हां मी.

रात्री ऑफिसचा फॉर्म भरायचा होता. 'सहभागींची समज वाढली का?' त्यावर हो. 'फलनिष्पत्ती' या रकान्यात बराच वेळ काही सुचेना, शेवटी लिहिलं: भांडण झाले. पुढची मीटिंग गावानेच लावली आहे, चाळीसही एकरांचा हिशोब मागितला आहे. साहेबांचा फोन आला, 'भांडण' शब्द काढता येईल का. मी नाही काढला.