मंजूर झाले आणि म्हणूनच बारगळले

विधेयक मांडले जाते, त्यावर चर्चा आणि कलमवार मतदान होते, दुसऱ्या सभागृहात तेच पुन्हा घडते आणि राष्ट्रपतींची संमती मिळाली की कायदा होतो, एवढे आपण नागरिकशास्त्रात पाठ केलेले असते. विधेयक वाटेतच मरते कसे, हे मात्र मला महिला आरक्षणाच्या विधेयकाने शिकवले. त्याच्या बातम्या मी महाविद्यालयात असल्यापासून वाचत आले आहे.

१९९६ मध्ये ते लोकसभेत आले, गीता मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीने त्याची छाननी केली, पण लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही गेले. १९९८ आणि १९९९ मध्ये मांडलेल्या विधेयकांची गत निराळी झाली नाही.

याचे मूळ राज्यघटनेच्या अनुच्छेद १०७ मध्ये आहे. लोकसभेत प्रलंबित असलेले विधेयक, मग ते राज्यसभेने मंजूर करून पाठवलेले का असेना, लोकसभा विसर्जित होताच व्यपगत होते. जे राज्यसभेतच प्रलंबित आहे आणि लोकसभेने मंजूर केलेले नाही, ते मात्र तगून राहते. म्हणून २००८ मध्ये हे विधेयक राज्यसभेत मांडले गेले आणि २००९ ची निवडणूक त्याने सुखरूप पार केली. ९ मार्च २०१० रोजी, निलंबित सदस्यांना मार्शलकरवी बाहेर काढल्यावर, ते १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाले, लोकसभेकडे गेले आणि तिथेच पडून राहून २०१४ मध्ये बारगळले. मंजुरी मिळेपर्यंत ते सुरक्षित होते, हा विरोधाभास मला अजून पचलेला नाही.

घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागत असल्याने तिथे आवाजी मतदानावर भागत नाही. नव्याने मांडलेल्या या विधेयकावर २० सप्टेंबर २०२३ रोजी नव्या संसद भवनातील लोकसभेत खासदारांनी चिठ्ठ्यांवर मते नोंदवली: बाजूने ४५४, विरोधात २. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य, आणि २८ सप्टेंबरला राष्ट्रपतींची संमती. १२८ वे घटनादुरुस्ती विधेयक १०६ वी घटनादुरुस्ती झाले, तेव्हा अनेकांना ती छपाईची चूक वाटली. पण विधेयकांचे क्रमांक मांडलेल्यांना धरून चालतात आणि दुरुस्त्यांचे तडीस गेलेल्यांना. मधल्या बावीसांत याच विधेयकाचे जुने अवतारही आहेत.

संमतीनंतरही काम संपले नव्हते. केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवील त्या तारखेला अधिनियम अमलात येईल, असे त्याच्या पहिल्याच कलमात लिहिले होते आणि प्रत्यक्ष आरक्षण त्यानंतरच्या जनगणनेवर व मतदारसंघांच्या पुनर्रचनेवर सोपवले होते.