निकोलस पेटन यांचा ट्रम्पेट आणि ‘जॅझ’ या नावाचा वाद

न्यू ऑर्लिन्सचे ट्रम्पेटवादक निकोलस पेटन यांनी 2011च्या नोव्हेंबरमध्ये ‘जॅझ’ हे नाव आपल्याला मान्य नसल्याचे लिहून जाहीर केले आणि आपल्या संगीताला ‘ब्लॅक अमेरिकन म्युझिक’, संक्षेपाने ‘बॅम’, म्हणावे असा आग्रह धरला. परंपरेची जाण नसलेल्याचा हा उतावीळपणा आहे, असे कोणाला वाटत असेल, तर त्याने त्यांचे 1997चे ज्येष्ठ ट्रम्पेटवादक डॉक चीटम यांच्याबरोबरचे ध्वनिमुद्रण आवर्जून ऐकावे. चीटम 1905 सालचे, तर पेटन 1973 सालचे. तरीही अडुसष्ट वर्षांचे हे अंतर वादनात कुठेच अडसर होत नाही. चीटम यांचा सूर हलका, नेमका आणि काहीसा मिश्किल आहे. पेटन यांचा भरदार आणि उबदार आहे, पण त्या भरदारपणाखाली ते ज्येष्ठ वादकाला एकदाही झाकोळून टाकत नाहीत. त्यातील ‘स्टारडस्ट’ या रचनेतील वादनासाठी दोघांना ग्रॅमी मिळाले. ज्या नावाविरुद्ध पेटन पुढे उभे राहिले, त्याच नावाच्या विभागातला तो पुरस्कार होता.

त्यांचा मुख्य आक्षेप असा की हे नाव संगीत घडवणाऱ्यांनी स्वतःहून निवडलेले नाही. इतिहास त्यांच्या बाजूने बरेच काही सांगतो. हा शब्द छापील स्वरूपात प्रथम आढळतो तो कॅलिफोर्नियात, बेसबॉलच्या बातम्यांमध्ये, 1912-13च्या सुमारास. आणि 1917 साली या संगीताची पहिली म्हणून ओळखली जाणारी ध्वनिमुद्रिका निघाली, ती ‘ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँड’ या गोऱ्या वादकांच्या संचाची. ज्या कृष्णवर्णीय समाजात हे संगीत वाढले, त्याचा उल्लेख त्या नावात कोठेच नव्हता. ड्यूक एलिंग्टन आणि माइल्स डेव्हिस या जॅझमधील दिग्गजांनाही हे लेबल रुचत नव्हते, त्यामुळे पेटन यांचे म्हणणे एकाकी मानता येत नाही.

या नावाने गोरे किंवा परदेशी वादक बाहेर पडतील, अशी भीती व्यक्त होते. मला ती पटत नाही, कारण नाव उगम सांगते, वाजवण्याचा अधिकार ठरवत नाही. हिंदुस्थानी संगीत परदेशी शिष्य शिकतात, म्हणून आपण त्याचे नाव बदलत नाही.

मात्र जॅझ 1959 साली मेले, हे त्यांचे विधान मला स्वीकारता येत नाही. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या चौकडीने आपले सर्वांत मोठे काम त्यानंतर केले. लोकप्रिय संगीतापासून फारकत घेतल्याने जॅझचे नुकसान झाले, हा त्यांचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि ती फारकत ते स्वतः मानत नाहीत, हे 2013च्या ‘बॅम: लाइव्ह ॲट बोहीमियन कॅव्हर्न्स’ या अल्बममध्ये ऐकू येते. बासवर व्हिसेंते आर्चर आणि ड्रम्सवर लेनी व्हाइट यांची साथ असताना पेटन ट्रम्पेटही वाजवतात आणि फेंडर ऱ्होड्स हा इलेक्ट्रिक पियानोही, प्रसंगी एकाच वेळी: एका हाताने ट्रम्पेट धरून, दुसरा हात पट्ट्यांवर ठेवून. त्या वेळी स्वतःच्या ट्रम्पेटला ते स्वतःच उत्तर देतात, आणि त्यांच्या ऱ्होड्समध्ये फंक आणि सोल या कृष्णवर्णीय लोकप्रिय संगीतप्रकारांचा वारसा इतका सहज मिसळलेला असतो की तो जॅझपासून वेगळा काढायचा कसा, हेच कळत नाही.